उंबऱ्यावरचा नारळ

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत परदेशी जाऊन आलेले बरेच जण आहेत. कुणी दुबईचा उंच मनोरा बघून आलं, कुणी अमेरिकेत नातवाचं बारसं उरकून. आल्यावर प्रत्येकानं आमच्या ओट्यावर बसून आपापला देश सांगितला आणि आम्ही तो मुकाट्यानं ऐकला. आता माझी पाळी आहे. मी एक निवडणूक बघून आलो. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, आणि उमेदवार एकच. समोर दुसरं कुणी उभंच नव्हतं.

देशाचं नाव लिहीत नाही. जावई तिथं सरकारी नोकरीत आहे आणि "पप्पा, माझ्या साहेबांबद्दल काही लिहू नका" असं त्यानं बजावून ठेवलंय. हिंद महासागरात नकाशावर माशी बसल्यासारखे काही ठिपके दिसतात. हाकलल्यावरही जी माशी उडत नाही, ती म्हणजे तो देश.

आधी पेढे

बेटावर जाण्याआधी गावची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. गाव बिडकीनच्या पलीकडं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून शहरात पेपर वाचतो आणि शेत मंगल बघते. मंगल म्हणजे माझी बायको. ती अर्धा आठवडा गावी शेतातल्या घरात असते, अर्धा इकडं. मतदार यादीतलं तिचं नाव मात्र गावातच.

यंदा सरपंचपद बायकांसाठी सुटलं. माझे थोरले चुलतभाऊ ज्ञानोबातात्या हे गावातलं वजनदार माणूस. त्यांनी मारुतीच्या पारावर बैठक बोलावली आणि मंगलचं नाव बिनविरोध ठरवून टाकलं. बिनविरोध म्हटलं की गावाची छाती फुगते. भांडण नाही, खर्च नाही, वर पेपरात फोटो. माझीही छाती फुगली. दुसऱ्याच दिवशी मी गल्लीत पेढे वाटले.

पण त्या बैठकीत भातात खडा लागावा तशी एक गोष्ट झाली. रुख्मा उठून उभी राहिली. रुख्माचं घर मेंढरं राखणारं, आता थोडी शेती आणि बाकी मजुरी. बायकांच्या बचत गटाची ती अध्यक्ष. मंगल लग्न होऊन गावात आली तेव्हा म्हशीची धार काढायला तिला रुख्मानंच शिकवलं. दोघींच्या शेतांचा बांध एक, आणि दुपारचा डबाही त्या बांधावर एकत्रच सुटायचा.

"मला बी उभं राहायचं हाय," रुख्मा म्हणाली.

तात्या हसले. "रुख्माबाई, गाव एका मतानं चाललंय. त्यात खोडा कशाला?"

रुख्मानं मंगलकडं पाहिलं. मंगल पदराचा काठ बघत बसली. रुख्माच्या नवऱ्यानं मान खाली घालून तिला खुणावलं आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून ती मंगलशी बोलेना. बांधावर समोर आली तरी तोंड फिरवायची. मंगलला भाकरी गोड लागेना. तात्यांना तिनं एवढंच सांगितलं, "लेकीकडनं परत आल्यावर सांगते." तात्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. मीही घेतला.

लेकीनं तिकिटं फार आधीच काढून ठेवली होती आणि आमची परतीची तारीख अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्रीची होती. येसर, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ एवढी शिदोरी घेऊन आम्ही निघालो. विमानतळावरच्या तपासणीत पिठानं जी शंका उत्पन्न केली, ती सांगत बसत नाही. पीठ पोचलं हे महत्त्वाचं.

पाणीच पाणी

बेटावर उतरल्यावर चारी बाजूंनी समुद्र. निळा, हिरवा, मध्येच जांभळा. मी विद्वानासारखा कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. मंगल म्हणाली, "एवढं पाणी, अन् एक घोट बी कामाचा नाय."

तो घोट कामाचा करणं हीच आमच्या जावयाची, प्रशांतची नोकरी. समुद्राचं खारं पाणी गोड करण्याचा कारखाना आहे, तिथं तो असतो. उज्ज्वलाच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या घरी नळाला रोज पाणी येतं. मंगलनं पहिल्या दिवशी सवयीनं सगळी पातेली भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायला गेली आणि नळाकडं बघत उभी राहिली. ज्यांनी आमच्याकडं पाण्याचा दिवस कोणता यावरून पाहुण्यांना बोलावण्याचे दिवस ठरवलेत, त्यांना तिचं ते उभं राहणं समजेल.

खाण्याचे आमचे थोडे हाल झाले. मासा तिथं सकाळ-संध्याकाळ. मी गोदावरीचा मरळ खाल्लेला माणूस, मला समुद्राच्या माशाचं वावडं नाही. पण न्याहारीलाही मासा म्हणजे जरा जास्तच. फणसाच्या धाकट्या भावासारखं दिसणारं एक फळ ते लोक निखाऱ्यावर भाजतात. आतून मऊ, पिठूळ निघतं. मंगलनं ते चटणीशी खाल्लं आणि "झाडालाच भाकरी लागती की यांच्या" म्हणाली. शेजारच्या तेरेझाबाईंनी ते भाजून आणलं होतं. साठी उलटलेल्या, फुलाफुलांचा झगा, दारासमोर सुकत घातलेले मासे आणि मांजरावर सतत ओरडणं. त्यांचं मोडकं इंग्रजी आणि माझं मोडकं इंग्रजी छान जुळलं.

गावभर एकाच माणसाची चित्रं लावलेली. पांढरी दाढी, उन्हानं रापलेला चेहरा. तो आधी दोन बेटांमध्ये चालणाऱ्या प्रवासी बोटीवर कप्तान होता, म्हणून राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोक त्याला कप्तानच म्हणत. दुसऱ्या पक्षाच्या माणसानं या वेळी तब्येतीमुळं माघार घेतली होती.

"मग झालं की," मी तेरेझाबाईंना म्हणालो. "आमच्याकडं याला बिनविरोध म्हणतात. गुलाल उधळायचा आणि घरी जायचं."

"मत कोण देणार मग?" त्यांनी विचारलं.

तिथं उमेदवार एकटा असला तरी मतदान होतंच. चिठ्ठीवर 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन. निम्म्यापेक्षा जास्त 'होय' पडले तर तो अध्यक्ष, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मी हे मंगलला मराठीत सांगितलं. ती ज्वारीचं पीठ चाळत होती, तिची चाळणी थांबली. त्याच संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "नाना, मंगलचे कागद तयार हायेत. सही तेवढी राहिलीय." मंगलनं फोन घेतला नाही. हात पिठाचे आहेत म्हणाली.

नारळ

उज्ज्वला त्या घरात नुकतीच राहायला आली होती आणि घरभरणी झालेली नव्हती. लेकीचं घर असं कोरडं राहिलेलं मंगलला खपणं शक्य नव्हतं. तिनं नारळ मिळवला, जे त्या देशात मुळीच अवघड नाही. हळद-कुंकू घरून आणलेलंच होतं. उंबऱ्यावर नारळ ठेवला, हात जोडले आणि आम्ही सगळे समुद्रावर फिरायला गेलो.

परत येतो तो तेरेझाबाई आमच्या दारात, दोन्ही हात गालांवर. बरोबर अजून चार-पाच बायका. सगळ्या नारळाकडं बघतायत आणि हसू दाबतायत.

झालं होतं असं. त्या बेटांवर जुनी रीत आहे. ज्याला उमेदवार पसंत नाही, त्यानं मतदानाआधी आपल्या उंबऱ्यावर नारळ ठेवायचा. मग उमेदवारानं त्या घरी जेवायला यायचं. घरच्यांनी वाढायचं आणि मनातलं सगळं बोलून घ्यायचं. उमेदवारानं जेवता जेवता ऐकायचं. ताटावर असेपर्यंत उलट उत्तर द्यायचं नाही. हात धुतल्यावर काय बोलायचं ते बोलावं.

प्रशांतचा चेहरा पांढरा पडला. "मम्मी, सरकारी नोकरी आहे माझी." तो नारळ उचलायला वाकला. तेरेझाबाईंनी त्याचा हात धरला. ठेवलेला नारळ उचलणं म्हणजे आपण भ्यालो असं जाहीर करणं, आणि त्या घराला मग वर्षभर लोक चिडवतात.

"पण आमचं मत नाही इथं," मी म्हणालो. "आम्ही परदेशी आहोत."

"नारळ पासपोर्ट विचारत नाही," बाई म्हणाल्या.

मंगलला हे सगळं उज्ज्वलानं समजावलं. मला वाटलं आता ही घाबरेल. तिनं विचारलं, "किती जण येतील जेवायला? पीठ पुरंल का बघते."

कप्तान जेवायला

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तान आले. पायी, बरोबर एकच माणूस, तोही छत्री धरायला. आमच्याकडं साधा पंचायत समितीचा सदस्य आला तरी पुढं दोन जीप आणि मागं धूळ असते. मी स्वागताचं एक वाक्य इंग्रजीत पाठ केलं होतं, ते उंबऱ्यापाशीच विसरलो. कप्तानांनी नारळाला हात लावून नमस्कारासारखं काही केलं, चपला काढल्या आणि आम्ही खाली बसतो हे पाहून स्वतःही मांडी घालून बसले.

मंगलनं येसराची आमटी केली होती. भाजलेलं धान्य आणि मसाला एकत्र दळून ठेवलेलं हे येसर आमच्या मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीत असतंच असतं. झणझणीत. बरोबर भाकरी, कांदा, चटणी. कप्तानांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. दाढीतून घाम टपकायला लागला. पण पठ्ठ्या उठला नाही.

आता बोलायचं कुणी? दारात तेरेझाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी तक्रार ऐकायला गर्दी करून उभ्या. प्रशांत देवाचं नाव घेत होता. मंगल समोर बसली, पदर सावरला.

"तुमच्या देशाबद्दल माझी काय बी तक्रार नाय," ती म्हणाली, आणि उज्ज्वला भाषांतर करू लागली. "पाणी रोज येतं. माणसं चांगली हायेत. मला एकच विचारायचंय. एकट्यानंच उभं राहायला तुम्हाला बरं वाटतं का? आपल्यासमोर जे उभं राहणार होतं ते बाजूला झालं, त्याची आठवण येती का?"

कप्तानांचं चावणं थांबलं. नियमाप्रमाणे ते बोलू शकत नव्हते. त्यांनी मंगलकडं नीट पाहिलं, आणि मग पुन्हा आमटीत भाकरी बुडवली. ताट चाटून पुसून संपवलं, जे आमच्या जावयानं आजवर केलेलं नाही.

हात धुतल्यावर ते सावकाश बोलले. "होय म्हणणारी माणसं हात हलवतात आणि पुढं जातात. मी बोट चालवत असताना तळाला पाणी शिरतंय हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ज्यांना माझ्या बोटीत बसायचं नव्हतं, ते धक्क्यावर उभे राहून ओरडायचे, अरे, ती बघ, गळतेय. म्हणून मी नारळ शोधत फिरतो. या वेळी समोर कुणी नाही, म्हणून जास्त फिरतो. आणि हो, त्याची आठवण येते. तो चांगला ओरडायचा."

जाताना त्यांनी येसर कशाचं करतात ते विचारून घेतलं. मंगलनं एक डबी बांधून दिली. प्रशांतची नोकरी शाबूत आहे, हे त्याच्या आईवडिलांच्या माहितीसाठी इथं लिहून ठेवतो.

संध्याकाळी मंगल मागच्या पायरीवर बसली होती. उज्ज्वला तिच्याजवळ गेली. "आई, तू ते कुणासाठी विचारलंस?"

"रुख्मा पारावर उभी राहिली तवा मी गप बसले," मंगल म्हणाली. "तात्यांचं काय, ते त्यांच्या जागी. पण ती माझ्याकडं बघत होती गं."

मी दाराशीच होतो, तोंडात भाजलेल्या फळाचा तुकडा. गल्लीत वाटलेले पेढे मला आठवले आणि उरलेलं फळ मी ताटलीत परत ठेवलं.

मतदान

मतदान शाळेत होतं. आम्हाला बाहेरून बघायची परवानगी मिळाली. लोक धुतलेले कपडे घालून, पोरंबाळं घेऊन आले होते. तेरेझाबाई बाहेर आल्यावर मी त्यांना चाचपून पाहिलं, "होय की नाही?" त्यांनी मांजरावर ओरडतात तसं माझ्यावर ओरडून घेतलं. मत विचारणं आणि वय विचारणं तिथं सारखंच.

निकाल चौकात वाचला गेला. 'होय' भरपूर पडले, पण 'नाही'ही काही कमी नव्हते. कप्तानांनी आधी 'नाही'चा आकडा मोठ्यानं वाचला, नंतर 'होय'चा. टाळ्या दोन्हींना पडल्या. आमच्याकडं यंत्रावर 'वरीलपैकी कोणी नाही' हे बटण असतं, पण उमेदवार एकटाच असला तर मतदानच होत नाही, मग ते बटण कुणी दाबायचं? असा विचार मी आजवर केला नव्हता. विचार करायला समुद्र ओलांडून जावं लागलं.

निघताना तेरेझाबाईंनी मंगलला मिठी मारली. मंगलला मिठीची सवय नाही. ती खांबासारखी उभी राहिली आणि मग तिनंही हात वर केले.

गाव

घरी पोचलो, तात्यांचा फोन आलेलाच होता. सकाळी बिडकीनच्या गाडीनं गावी गेलो. पारावर तात्या कागद घेऊन बसलेले. मंगल त्यांना नमस्कार करून सरळ पुढं गेली, मी मागं. ती रुख्माच्या दारात थांबली.

रुख्मा अंगणात शेळीला पाला टाकत होती. तिनं पाहिलं, तोंड फिरवलं.

"जेवायला आलेय," मंगल म्हणाली आणि न सांगता ओसरीवर बसली.

"का, घरी चूल पेटली नाय?"

"पेटली. पण इथं जेवायचंय. तू बोल. मी ताटावर हाय तवर उलटून बोलणार नाय."

रुख्मानं हातातला उरलेला पाला शेळीपुढं टाकला. मला वाटलं हाकलून देते आता. मग ती आत गेली आणि भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मी बाहेर बाजेवर बसलो. मला कुणी जेवायला विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

ताट आलं. भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. मंगलनं घास मोडला आणि रुख्मा सुरू झाली. आधी हळू, मग चढत गेली. तांड्याकडच्या रस्त्याला दिवा नाही, बाया अंधारातून येतात. मेंढरांना पाणी पाजायला पाझर तलावावर जाऊ देत नाहीत. बचत गट मी उभा केला, अन् फोटोत तात्या. "अन् तू. धार काढायला कुणी शिकवलं तुला? पारावर मी उभी राहिले, तू वर बी बघितलं नाय. गावानं गप केलं त्याचं मला काय वाटलं नाय. तू गप बसलीस त्याचं लई वाटलं."

मंगल चावत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ठेचा तिखट होताच, पण तेवढा नव्हता.

तिनं ताट संपवलं, हात धुतले. मग म्हणाली, "चुकलं माझं. आज अर्ज भरायचा शेवटचा दिस हाय. चल, दोघी जाऊ."

"म्हंजी तू मागं सरणार?"

"नाय. मी बी भरणार. मला बी व्हायचंय सरपंच. पण लोकांनी निवडलं तर."

रुख्मानं लुगड्यानं तोंड पुसलं. आत जाऊन कागदांची पिशवी घेऊन आली. म्हणजे कागद तिनं तयारच ठेवले होते. मंगलचे मी पारावर जाऊन तात्यांकडून मागून घेतले. बाहेर पडताना रुख्मानं मंगलला, बेटावर काय काय बघितलंस, ते विचारलं, आणि मंगल गाडीत पैठणच्या तहसील कचेरीपर्यंत नारळाची गोष्ट सांगत राहिली. मला मागच्या सीटवर बसवलं होतं.

तात्या माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. गाव बिनविरोध झालं नाही, पेपरात फोटो आला नाही. दोघींनी गल्लीगल्लीत प्रचार केला, कधी समोरासमोर भेटल्या तर पाणी प्यायला एकाच ओट्यावर बसल्या. लोकांना काही कळेना. एक म्हातारा मला म्हणाला, "नाना, भांडायलाच उभ्या हायेत ना या?"

निकालाच्या दिवशी गुलाल रुख्माच्या अंगणात उधळला गेला. मंगल हरली. फार नाही, पण हरली. मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. शेतातल्या घरी आलो तर ती नारळ घेऊन दाराकडं निघाली होती. मला वाटलं देवापुढं फोडायला घेतला असेल. तिनं तो उंबऱ्यावर ठेवला आणि चूल पेटवायला आत गेली.

मिरवणूक दमल्यावर दिवेलागणीला रुख्मा आली. कपाळापासून पायापर्यंत गुलाल. उंबऱ्यावर नारळ पाहून थांबली. मी काहीतरी बोलणार तोच तिनं वाकून नारळाला हात लावला, आत आली आणि चुलीसमोर मांडी घालून बसली.

"वाढ," ती म्हणाली. "अन् बोल."

मंगलनं ताट केलं, येसराची आमटी वाढली. "आधी तो गुलाल झाड, ताटात पडतोय," इथपासून तिनं सुरुवात केली. मग शाळेजवळच्या हातपंपावर आली, मग तांड्याच्या रस्त्यावरच्या दिव्यावर. रुख्मा मान डोलवत जेवत होती. पाझर तलावाचा विषय निघाला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मंगलनं तिच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.